दोन इंजिनं आणि मधले ऐंशी किलो

धरमकाट्यावर, म्हणजे अख्खा ट्रक तोलतात त्या काट्यावर, मी गाडीतून उतरलो नव्हतो. केबिनमधून काटेवाल्याने ओरडून विचारलं, "ड्रायव्हर उतरला का?" आणि मी सीटवर बसल्या जागेवरून ओरडलो, "हाव!"

चूक म्हणून सांगायची तर एवढीच. कोणी जखमी झालं नाही, कोणाचं काही मोडलं नाही. पण त्या एका शब्दामुळे माझ्या मोठ्या बहिणीला दिवाळीपासून होळीपर्यंत वाटत राहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा आपण गणितात पक्षपात केला. आणि ही बाई अशी, की शाळेत फिजिक्स शिकवताना स्वतःच्या पोटच्या मुलीलाही तिने कधी अर्धा मार्क वाढवून दिला नाही.

माझा व्यवसाय वाहन विम्याच्या सर्व्हेअरचा आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालकाला विचारायचं, "गाडी कोण चालवत होतं?" समोरचा छातीठोकपणे सांगतो, "मीच." मी सीट किती पुढे ओढलेली आहे ते बघतो, त्या माणसाच्या पायांची लांबी बघतो, आणि मला कळतं की चालवत होता त्याचा बारावीतला मुलगा. त्या सीटवर कोण होतं, या एका प्रश्नावर माझं घर चाललं आहे. म्हणून या गोष्टीची लाज मला इतरांपेक्षा जरा जास्त वाटते.

आम्ही भावंडं नागपूरच्या महाल भागात वाढलो. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला हँडल वाकडं करून भिंतीला चिकटावं लागे. तिथे आमची पहिली गाडी तयार झाली. एक फळी, खाली भंगारातली तीन बेअरिंगं, पुढे वळवायला आडवी काठी. ताई चालवायची आणि मी ढकलायचो. मी एकदा विचारलं, "दरवेळी मीच काहून?" तर म्हणाली, "तू जड आहेस. जड माणसानं मागं राहायचं असते." त्या वेळी मला हा निव्वळ अन्याय वाटला. पुढे कळलं की तिने फळीलाही भोकं पाडून घेतली होती, वजन कमी व्हावं म्हणून. गल्लीतली पोरं रंग लावायची, चमकी चिकटवायची. हिच्या गाडीला भोकं.

ताई निवृत्त झाली आणि तिच्या हातात फोन, टीव्ही आणि भरपूर दुपारी आल्या. दर रविवारी जेवण झालं की मी तिच्याकडे जायचो आणि आम्ही परदेशातल्या हलक्या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ बघत बसायचो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. ते शेजारच्या दिवाणावर आडवे होऊन मधूनच विचारायचे, "यात मागं भाजीची पिशवी ठेवाले जागा आहे का?" नाही म्हटलं की पुन्हा डोळे मिटायचे.

या गाड्यांची दुनिया निराळी आहे. दोन माणसं बसतील एवढीच जागा, आणि काढून टाकता येईल ते सगळं काढून टाकलेलं. इंग्लंडातले काही छोटे कारखाने तर स्वतःचं इंजिन बनवतच नाहीत. लोक भाजी आणायला नेतात त्या गाडीचं इंजिन विकत आणायचं आणि सीटच्या मागे बसवायचं. मग काही वर्षांनी ते इंजिन बनणं बंद होतं, दुसरं शोधावं लागतं, आणि नव्या मॉडेलची जाहिरात येते: ताकद वाढली. ताकदीबरोबर वजनही वाढलेलं असतं, पण ते बारीक अक्षरांत. एक जपानी गाडी अशीच दर अवतारात थोडी थोडी फुगत गेली. मग कंपनीलाच उपरती झाली आणि पुढचं मॉडेल त्यांनी कमी केलेल्या वजनाचं काढलं, इंजिनही आधीपेक्षा लहान. ते पाहून ताईने टाळी वाजवली होती. भाऊजी दचकून उठले.

तिचं म्हणणं साधं होतं. "इंजिन मोठं केलं की त्याले थांबवाले ब्रेक मोठे पाहिजे. ब्रेक मोठे झाले की चाकं मोठी. चाकं मोठी झाली की खालचा सांगाडा मजबूत. मग एवढं सगळं ओढून नेता नेता इंजिन थकते, की लोक म्हणतात अजून मोठं टाका."

मी ताकदवाला. मी म्हणायचो, "ताई, पण आवाज ऐक ना मोठ्या इंजिनाचा."

"आवाज ऐकाचा असन तर मिक्सर लाव."

मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणायची, "तुह्यंच पाह्य. लग्नाच्या वेळचं मॉडेल किती हलकं होतं. दर दिवाळीले नवीन अपडेट येऊन राहिलं." माझ्या बायकोला हा विनोद इतका आवडला, की आता ती नवा शर्ट घेताना दुकानदाराला सांगते, यांचं मोठं मॉडेल आहे.

अशीच एक गाडी आपण बनवायची, हे कोण पहिल्यांदा बोललं ते आठवत नाही. ताई म्हणते मी, मी म्हणतो ताई. उमरेड रोडवर एका ले-आउटमध्ये भाऊजींचा प्लॉट आहे. नागपूरच्या बाहेर असे कितीतरी ले-आउट आहेत: डांबरी रस्ते झालेले, विजेचे खांब उभे, आणि घर एकही नाही. भाऊजींच्या प्लॉटवर पत्र्याचं शेड होतं. लोखंडी पाइपांचा सांगाडा मी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला, बाहेरचं कवच फायबरचं. दारं नाहीत, छत नाही. अशी घरची गाडी सरकारी रस्त्यावर चालवता येत नाही, पण ले-आउटच्या रस्त्यांवर आम्हाला कोण अडवणार होतं?

यामागे ताईचा एक हेतू होता आणि तो तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. तिचा डावा गुडघा पार झिजला होता. उन्हाळ्यात ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर गाडी कधी चालवता येईल, येईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नव्हते. "त्याच्या आधी एकदा," ती म्हणाली होती, "आपण बनवलेली गाडी मले स्वतः चालवाची आहे. मागं बसून नाही."

आता इंजिनाचा प्रश्न आला. आमच्याकडे दोन होती. एक ताईच्या जुन्या छोट्या गाडीचं. त्या गाडीने ती अर्धं आयुष्य शाळेत गेली होती. गाडीची मुदत संपली, पत्रा सडला, पण तीन सिलिंडरचं छोटं इंजिन अजून घड्याळासारखं चालत होतं. दुसरं माझ्या जुन्या सेडानचं. चार सिलिंडर, बिडाचं, भरभक्कम. ती सेडान मी पहिल्या बढतीनंतर घेतली होती आणि तिच्या इंजिनाचा मला जरा जास्तच अभिमान होता. खरं सांगायचं तर गाडी ताईसाठी बनते आहे हे मी विसरलो नव्हतो. तरी तिच्यात इंजिन माझं असावं, असं मला फार वाटत होतं.

ताईने शेडच्या पत्र्याच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. गाडीचा एक एक भाग तिने भंगारवाल्याच्या काट्यावर स्वतः उभं राहून मोजून घेतला होता. छोट्या इंजिनाची गाडी चारशे ऐंशी किलो, मोठ्या इंजिनाची पाचशे ऐंशी. मोठ्या इंजिनाला मोठा गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, खालून जाड आधार. फरक शंभर किलोचा, आणि तो सगळा सीटच्या मागे.

"मागं एवढं जड झालं तर वळणावर शेपूट फिरते," ती म्हणाली. "आणि मोठ्या इंजिनाचा क्लच मोठा. एवढ्या लांब केबलनं दाबाचा म्हणजे माह्या गुडघ्याचं काम नाही."

"कागदावर शंभर वाटते," मी म्हणालो. "खरं तेवढं नसते."

"कागद कुठं आहे? पत्रा आहे," भाऊजी म्हणाले.

मग ठरलं, की दोन्ही इंजिनं आळीपाळीने बसवून गाडी धरमकाट्यावर न्यायची. फरक पन्नास किलोंच्या आत आला तर माझं इंजिन, जास्त आला तर ताईचं. अट ताईनेच घातली. वजनापुढे भांडण चालत नाही, असं तिचं मत.

दिवाळीत पहिली पाळी झाली ती छोट्या इंजिनाची. भाड्याच्या टेम्पोतून गाडी नेली, फळ्या लावून उतरवली. इंजिन नुसतं बसवलेलं होतं, वायरिंग आत होतं पण जोडलेलं नव्हतं, म्हणून ढकलत काट्यावर घ्यायची होती. स्टिअरिंग धरायला मी आत बसलो. भाऊजी आणि टेम्पोवाल्याने ढकललं आणि काट्याच्या पलीकडे होऊन ते सरळ चहाच्या टपरीकडे गेले. ताई आकडा बघायला केबिनमध्ये काटेवाल्याजवळ बसली होती.

आता त्या केबिनची खिडकी ट्रकसाठी केलेली. उंच. आमची गाडी कंबरेएवढीसुद्धा नाही. स्पीकरवरून काटेवाल्याचा आवाज आला, "मॅडम, गाडी कुठी हाय?"

ताईचा आवाज, "काट्यावर आहे नं."

"मले तं काईच दिसून नाही राहिलं. भाऊ! ड्रायव्हर उतरला का?"

मी उतरायच्या बेतातच होतो. एक हात पाइपवर होता. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, की यांना मी दिसत नाही. मी हात खाली घेतला आणि ओरडलो, "हाव!"

पाचशे साठ.

पुढच्या रविवारी मोठं इंजिन. या वेळीही मी बसून राहिलो असतो तर दोन्हीकडे मी सारखाच भरलो असतो आणि काही बिघडलं नसतं. आठवडाभर मी स्वतःला तेच सांगत होतो, की पुढच्या वेळी बसून राहू, म्हणजे बरोबरी होईल. पण काटेवाल्याने विचारताच मी टुणकन उडी मारून बाहेर आलो. पार कठड्याबाहेर जाऊन उभा राहिलो. पाचशे ऐंशी.

फरक वीस किलोंचा. माझं वजन ऐंशी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते मधे कुठे शिरलं असेल असं कोणाच्या मनात येणार?

ताई केबिनमधून बाहेर आली. ती चिडली असती, काटा खराब आहे म्हणाली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी तयारीच तशी केली होती. पण परत शेडवर आल्यावर ती भिंतीवरचा हिशेब बोटाने पुन्हा तपासत गेली आणि म्हणाली, "तुह्या इंजिनाचा हिशेब बरोबर आला. एका किलोचाही फरक नाही. चुकलं ते माह्या इंजिनाचंच." मग ओढणीच्या टोकाने सगळा हिशेब पुसून टाकला. "मायेपोटी झुकतं माप देल्लं असन मी. कळलंही नाही, पाह्य."

भाऊजी म्हणाले, "होते गं कधी कधी."

"मले नव्हतं होत," ती म्हणाली.

माझं इंजिन बसलं. वायरिंग झालं, पेट्रोल भरलं, आणि गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेडचे पत्रे थरथरले. ताई चालकाच्या सीटवर बसली. डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. पायाचं बोट पांढरं झालं, कपाळावर घाम आला, पण क्लच अर्ध्याच्या खाली गेला नाही. ती उतरली. "तूच चालव," म्हणाली. "मी बाजूले बसते."

आणि मी चालवली. इथेही खरं सांगायला हवं, मला फार मजा आली. रिकाम्या ले-आउटच्या सरळ रस्त्यावर चौथा गिअर टाकला की खांब असे सपासप मागे जायचे. भाऊजी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हात हलवायचे, जणू मी विमानातून चाललो आहे. बाजूला ताई रुमाल बांधून बसलेली. वळण आलं की ती पाइप घट्ट धरायची. कारण वळणावर मागचं वजन बाहेर फेकलं जातं हे तिला माझ्या आधी कळायचं. घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. एकदा ती भाजी घेताना मी बरोबर होतो. भाजीवाल्याने बेरीज सांगितली आणि ताईने मान हलवून पिशवी उचलली. माझी ताई, जी पूर्वी त्याचं बोलणं संपायच्या आधी उत्तर सांगायची.

माघ संपत आला तेव्हा ले-आउटच्या आमच्या लाडक्या वळणावर जवळच्या गावातल्या लोकांनी मिरची वाळत घातली. भिवापूरकडची लालभडक मिरची. रस्त्याच्या अर्ध्या भागात लांबलचक पसरलेली, आणि एक बाई डोक्यावर पदर घेऊन खांबाच्या सावलीत राखण करत बसलेली. आम्ही तिला विचारलं, अर्धा रस्ता वापरू का? ती म्हणाली, "वापरा नं. रस्ता काय माह्या बापाचा हाय?"

तिसऱ्या फेरीला मी वळणात जरा जोरात शिरलो, घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि मागचं सगळं वजन निघालं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि मिरचीच्या बरोबर मधोमध उलट्या तोंडाने थांबली. लाल धुळीचा ढग उठला. पहिली शिंक ताईला आली, मग मला, मग राखण करणारीला, आणि लांबून पळत येणाऱ्या भाऊजींना वाटेतच.

"काहून गा भाऊ!" ती बाई कंबरेवर हात ठेवून ओरडली. "मिरची वाळवाले टाकली होती का कुटाले?" आणि शिंकली.

"मावशी, चुकलं," मी म्हणालो आणि शिंकलो.

"चुकलं काय, शिंकून राहिला वरून! उतर, अन् येच सगळी."

आम्ही उतरलो. तिने आम्हाला खाली बसवलं: चेंदलेली मिरची एका पोत्यात, चांगली दुसऱ्यात. चेंदलेली सगळी मी घेईन म्हणालो, तेव्हा कुठे तिचा आवाज उतरला. आमच्या नात्यातल्या तीन घरांत वर्षभर पुरेल एवढं तिखट झालं ते त्या दिवसाचंच. भाऊजी मिरची वेचता वेचता म्हणाले, "साळेबुवा, तुमच्या इंजिनाचा फायदा आत्ता समजला. घरी गिरणीचं काम वाचलं." ती बाईसुद्धा हसली.

ताईही हसत होती. मग हळूहळू तिचं हसणं थांबलं. हातातली मिरची तशीच धरून ती गाडीकडे बघत राहिली.

"वीस किलोनं गाडी अशी फिरत नाही," ती म्हणाली. "ही शंभर किलोची गिरकी आहे."

मी मान खाली घालून वेचत होतो.

"काटा म्हणते वीस, गाडी म्हणते शंभर. आता मी कोणाचं ऐकू? पूर्वी मी माह्यं ऐकलं असतं." ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होती. "आता वाटते, पुन्हा आपल्याच इंजिनाची बाजू घेऊन राहिली का मी? त्या दिवशी केबिनमध्ये मले एवढी शरम वाटली होती नं. पोरांले सांगत आली, जे दिसते ते मांडा, जे पाहिजे ते नाही. अन् स्वतः काय केलं?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण घाम पुसायला हात वर नेला आणि मिरचीची बोटं डोळ्यात गेली. मी अक्षरशः आडवा झालो. मावशीने लोटाभर पाणी तोंडावर मारलं. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यातल्या कोणत्या मिरचीच्या आणि कोणत्या माझ्या, हे मलाही वेगळं करता आलं नसतं.

"रडू नको गा," ताई पाठीवर थोपटत म्हणाली. "गाडीले काही नाही झालं."

पुढचे दोन रविवार मी शेडवर गेलो आणि माझं इंजिन उतरवून तिचं बसवायला लागलो. भाऊजी खुर्ची टाकून बघत होते.

"काय चालू आहे?"

"नवीन मॉडेल, भाऊजी. अपडेट."

"अपडेटमध्ये इंजिन लहान होते का?"

"शहाणी कंपनी असली तर होते."

त्यांनी उठून पाना माझ्या हातात दिला.  आपल्या बायकोला गाडी चालवता येणार, एवढं त्यांना पुरे होतं.

होळीच्या आदल्या रविवारी मी ताईला म्हणालो, "धरमकाट्यावर चल." ती म्हणाली, "काहून? पाचशे साठ माहीत आहे नं." मी म्हणालो, "चल तरी." ती गुडघा सांभाळत आली आणि केबिनच्या पायऱ्या चढून आत बसली; भाऊजी टपरीकडे गेले. या वेळी इंजिन चालू होतं. टेम्पोतून उतरवल्यावर मी स्वतः गाडी चालवत काट्याच्या मधोमध नेऊन बंद केली. मागे एक कापसाचा ट्रक येऊन थांबला.

स्पीकर खरखरला. "अरे, तीच बुटकी गाडी आली का? भाऊ, ड्रायव्हर उतरला का?"

मी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. "नाही!" मी ओरडलो. "बसून आहे!"

"मंग उतरा नं भाऊ, मांगं टरक उभा हाय."

"आधी आकडा सांगा!"

"पाचशे साठ."

"मॅडमले सांगा," मी ओरडत होतो आणि आवाज चिरकत होता, "दिवाळीतही हाच आकडा होता! तेव्हाही मी बसूनच होतो! उतरलो नव्हतो!"

 ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मी पाइप धरून स्वतःला बाहेर ओढलं. एवढ्या बुटक्या गाडीतून माझ्यासारख्याचं बाहेर येणं हे मोठं काम आहे. मी चालत कठड्याच्या बाहेर गेलो आणि उभा राहिलो.

स्पीकरवर या वेळी काटेवाला नव्हता. ताईचा आवाज होता, वर्गात हजेरी घ्यायची तसा, स्पष्ट आणि सावकाश.

"चारशे ऐंशी."

मग ती पायऱ्या उतरून आली. एकेका पायरीवर थांबत. माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती गाडीत बसली, चालकाच्या सीटवर. खाली हात घालून सीट पुढे ओढली, आपल्या पायांच्या मापाने. डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. क्लच तळापर्यंत गेला. तिने सोडला, पुन्हा दाबला. पुन्हा तळापर्यंत. तिच्या गालावर लहानपणी पडायची ती खळी पडली, आणि मग माझी आठवण येऊन लगेच मिटली.

"धकल," ती म्हणाली.

"ताई, गाडी चालू होते. किल्ली फिरव फक्त."

"मले माहीत आहे चालू होते. तू धकल."

ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून बघत होता. टपरीवरून भाऊजी चहाचा ग्लास घेऊन उभे राहिले होते. मी गाडीच्या मागे गेलो, तिच्या छोट्या इंजिनावरच्या झाकणावर दोन्ही हात टेकले आणि ढकलायला लागलो. गाडी हलकी होती. इतकी हलकी, की मला वाईट वाटलं. ताईचे पांढरे केस माझ्या तोंडासमोर उडत होते. ओरडायची आता गरज नव्हती.

"ताई, तुह्यं गणित बरोबर होतं. तू कोणाले झुकतं माप नव्हतं देल्लं. माह्यं इंजिन बसावं म्हणून मी खोटं बोललो, अन् तुले स्वतःवर शंका घेऊ देल्ली. मले माफ कर."